विटांच्या पोटातली ऊब



वैशाखाच्या दिवसांत पश्चिमेकडच्या भिंतीला लागून कुणी बाज टाकीत नाही. सूर्य मावळून चार घटका झालेल्या असतात, अंगणात वारा सुटलेला असतो; पण ती भिंत मध्यरात्र उलटेपर्यंत धग टाकीत राहते. दिवसभर तिने जे ऊन खाल्ले, ते ती रात्री सावकाश परत देत असते. आपल्याला ही भिंत नकोशी होते. पण ज्या मुलखात वर्षाचे चार-पाच महिने जमीन बर्फाखाली असते, तिथल्या माणसाला अशी भिंत मिळाली तर तो तिला पाठ टेकून बसेल. आणि खरोखरच त्याने तसे केले आहे. ऊन पुरत नाही म्हणून त्याने भिंतीच्याच पोटात विस्तव घातला.

या विटांच्या शेगडीविषयी आज बोलायचे आहे. फिनलंड, स्वीडन, रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया अशा थंड देशांत ती पिढ्यान् पिढ्या बांधली जात आहे. आपण तिला बांधीव शेगडी म्हणू. घरामागे सुतारकामाची एखादी खोली आहे आणि तीत अशी शेगडी बांधायची आहे, असे उदाहरण धरून चालू. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे एवढी थंडी कुठे? बरोबर आहे. पण विस्तवाचे शास्त्र काही थंडीपुरते नसते. आपली चूल धूर का करते, ओले सरपण का छळते, याची उत्तरेही या शेगडीपाशी सापडतात. म्हणून थोडे लांबून फिरून घरी येऊ.

फिनलंडच्या मध्यभागात जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंश उतरला, तर कुणाला नवल वाटत नाही. अशा वेळी सुताराच्या खोलीत काय होते पाहा. सरस नीट धरत नाही, रोगण वाळत नाही, हत्यारांवर ओल धरून गंज चढतो आणि बोटे आखडली की पटाशी धरणेही धोक्याचे होते. सोपा उपाय म्हणजे पत्र्याची किंवा बिडाची शेगडी. ती झटकन तापते. पण जवळ उभा राहिलेला भाजून निघतो आणि पलीकडच्या कोपऱ्यात काम करणारा कुडकुडतो. जाळ विझला की थोड्याच वेळात खोली पुन्हा गार.

मग माणूस काय करतो? निजायच्या वेळी शेगडीत लाकडे ठासून भरतो आणि वाऱ्याची झडप जवळजवळ बंद करतो. आग कोंडली की ती सकाळपर्यंत धुमसत राहील, हा हिशेब. पण तो चुकीचा आहे. लाकूड तापले की त्यातून जळाऊ वायू निघतात आणि लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंतच असते. ते नीट जळायला दोन गोष्टी लागतात : भरपूर हवा आणि सहाशे अंशांच्या वरची धग. आग कोंडली की दोन्ही नाहीशा होतात. मग जे जळायला हवे होते, ते धूर होऊन निघून जाते. जाता जाता धुराड्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा चिकट थर धरते आणि एखाद्या दिवशी तोच थर पेट घेतो. छपराची आग पुष्कळदा अशीच लागते.

तात्पर्य, धूर म्हणजे न जळलेले सरपण. एवढे वाक्य ध्यानात ठेवले, तरी पुढचे सगळे सोपे होईल.

आता यातून वाट कशी काढायची? आग सावकाश जळावी असे वाटते, कारण ऊब सावकाश हवी असते. पण आग सावकाश जाळली की ती खराब जळते. या पेचातून बांधीव शेगडीने वाट काढली आहे ती अशी, की आग आणि ऊब या दोन गोष्टी तिने निराळ्या केल्या. आग तासा-दीड तासात झपाट्याने, मोकळ्या हवेत, स्वच्छ जाळून टाकायची. तिची सगळी उष्णता विटांत साठवायची आणि मग विटांनी ती पुढचे पंधरा-वीस तास खोलीला द्यायची.

हे तत्त्व आपल्याला अगदीच परके नाही. गोव्यात पोदेराची पावाची भट्टी असते. तो भट्टीच्या पोटात लाकडे जाळतो, निखारे बाजूला ओढतो आणि तापलेल्या विटांच्या उष्णतेवर पाव भाजतो. आग गेली, पण तिची पुंजी राहिली. बांधीव शेगडी म्हणजे तीच भट्टी. फक्त पावाच्या ऐवजी तिच्या पुढ्यात माणूस असतो.

स्वीडनमध्ये अठराव्या शतकात सरपणाची टंचाई जाणवू लागली, तेव्हा १७६७ साली तिथल्या राज्यकर्त्यांनी कार्ल युहान क्रूनस्टेट आणि फाबियान व्रेडे या दोघांवर कमी लाकडात चालणारी शेगडी शोधण्याचे काम सोपवले. त्यांनी धुराला सरळ बाहेर जाऊ दिले नाही. त्याला विटांच्या वाटांतून एकदा वर, मग खाली, मग पुन्हा वर असे फिरवले आणि त्याच्याजवळची उष्णता काढून घेऊनच त्याला निरोप दिला. रशियात तर शेगडी एवढी मोठी बांधीत, की तिच्या माथ्यावर घरातली म्हातारी माणसे आणि मुले निजत. पुढे तेल आणि वीज आली, आणि अनेक ठिकाणी हे ज्ञान मागे पडले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर फिनलंडमध्ये लोक पुन्हा तिच्याकडे वळले.

आता थोडा हिशेब करू. शिक्षकबंधूंनी तो फळ्यावर मांडावा. नीट वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे चार युनिट उष्णता असते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावर असते तेच. दहा किलो लाकडाचे चाळीस युनिट झाले. त्यांतला पाव भाग धुराबरोबर जातो असे धरा, उरले तीस. आता दोन हजार किलो विटा घ्या. एक किलो वीट एक अंशाने तापवायला सुमारे ०·८४ किलोज्यूल लागतात. दोन हजार किलो विटा सरासरी साठ अंशांनी तापल्या, तर त्यांत सुमारे अठ्ठावीस युनिट मावतात. म्हणजे दहा किलो लाकडाची जवळजवळ सगळी कमाई दोन टन विटांच्या पोटात बसते. तीच वीस तासांत बाहेर पडली, तर तासाला दीड युनिटाच्या आसपास. कडाक्याची थंडी असेल तर सकाळ-संध्याकाळ दोनदा आग करायची.

कुणी हुशार विद्यार्थी विचारील, की वजनाला वजन पाणी विटेच्या पाचपट उष्णता धरते, मग पाणीच का नाही वापरायचे? आपला आंघोळीचा बंब तेच तर करतो. प्रश्न चांगला आहे. पण पाणी शंभर अंशांना उकळते आणि शून्याला गोठून नळ फोडते. वीट यांतले काहीच करीत नाही.

आता बांधकामाकडे वळू. पहिली गोष्ट पायाची. दोन टनांचे ओझे फरशीवर ठेवायचे नसते. शेगडीला स्वतंत्र, घट्ट जमिनीवरचा, सळईच्या काँक्रीटचा पाया लागतो. जागा निवडताना ती बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये. शक्यतो खोलीच्या मध्याकडे घ्यावी, म्हणजे चारी बाजूंनी दिलेली उष्णता खोलीतच राहते. धुराडेही घराच्या आतून वर नेलेले बरे. उबदार धुराडे धूर चांगला ओढते, गार धुराडे कुरकुर करते. छपराचे लाकूड धुराड्यापासून दूर राहील याची काळजी आधी घ्यायची, बांधून झाल्यावर नव्हे.

शेगडीला दोन अंगे असतात. आतले अंग अग्निविटांचे. म्हणजे भट्ट्यांसाठी खास केलेल्या, मोठी आच सोसणाऱ्या विटांचे. त्यात खाली आगीची कोठडी, तिच्यावर निमुळता गळा आणि त्यावर आणखी एक रिकामी कोठडी. खालच्या कोठडीत लाकूड जळते आणि वरच्या कोठडीत राहिलेले वायू जळून संपतात. तिथून तापलेला वारा दोन्ही बाजूंच्या वाटांनी खाली उतरतो, तळाशी येतो आणि मग धुराड्यात शिरतो. पेटवतेवेळी सगळे गार असते, म्हणून सुरुवातीला धूर थेट वर जाईल अशी एक झडप ठेवतात. ओढ बसली की ती लावून घेतात. तळाशी राख आणि काजळी काढायला छोटी दारे हवीतच. ती विसरली, की पुढे शेगडी फोडून सफाई करावी लागते.

बाहेरचे अंग साध्या भरीव लाल विटांचे. दोन्ही अंगांमध्ये बोटभराहून कमी फट सोडतात. कारण आतले अंग जास्त तापते आणि जास्त फुगते. दोन्ही एकमेकांना जखडली, तर बाहेरच्या भिंतीला तडा ठरलेला. लोखंडी दाराचेही तसेच. लोखंड विटेच्या सुमारे दुप्पट फुगते. पन्नास सेंटिमीटरची चौकट तीनशे अंशांनी तापली की जवळजवळ दोन मिलिमीटर वाढते. दोन मिलिमीटर ऐकायला थोडे वाटते, पण विटेला ते पुरे होते. म्हणून चौकट घट्ट बसवीत नाहीत; भोवती आगीला न जळणारी मऊ दोरी भरतात.

सांध्यांसाठी सिमेंट वापरायचे नाही. सारखे तापून-निवून ते सोडून देते. तिकडचे जुने कारागीर लाल विटांच्या कामाला चिकणमाती आणि चाळलेली वाळू यांचाच गारा घेतात. प्रमाण पुस्तकात पाहून चालत नाही, कारण प्रत्येक मातीचा चिकटपणा निराळा. त्यांची पारख साधी आहे. गाऱ्याचा लिंबाएवढा गोळा करायचा, थोडा सुकू द्यायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकायचा. भुगा झाला तर वाळू जास्त, तडे न जाता नुसता चपटला तर माती जास्त. आपल्या कुंभारदादांना किंवा जुन्या गवंड्यांना ही पारख नवी वाटणार नाही. वीट लावण्यापूर्वी भिजवायची, सांधा तीन ते पाच मिलिमीटरच ठेवायचा, आणि ओळंबा व पाणसळ प्रत्येक थराला लावायची. मातीच्या गाऱ्याचा आणखी एक गुण असा, की पुढे कधी शेगडी उकलावी लागली तर विटा शाबूत निघतात.

बांधून झाली की लगेच पेटवावी असे प्रत्येकाला वाटते. पण तिथेच धीर धरायला हवा. विटा-गाऱ्यात पुष्कळ पाणी असते. एकदम मोठी आग केली, तर त्याची वाफ होऊन सांधे उकलतात. म्हणून दारे उघडी ठेवून दोन-तीन आठवडे तशीच वाळू द्यायची. मग पहिल्या दिवशी मूठभर ढलप्या, दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त, असे करीत आठवडा-दोन आठवड्यांनी पूर्ण आगीपर्यंत यायचे.

सरपणाचा नियम तर आपल्याइतकाच त्यांनाही लागू. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. म्हणजे दहा किलो ओले लाकूड घातले, तर पाच किलो लाकूड आणि पाच किलो पाणी घातले. ते पाणी तापवून त्याची वाफ करण्यातच साडेतीन युनिटांच्या आसपास जातात. त्याहून वाईट हे, की आगीची धग उतरते आणि वायू न जळता धूर होतो. म्हणून तिकडे लाकूड फोडून, आडोशाला रचून, निदान एक उन्हाळा वाळवतात. ओल वीस टक्क्यांच्या खाली हवी. मनगटाएवढ्या फोडी करायच्या, एकावर एक रचायच्या, वरून पेटवायच्या आणि वाऱ्याचे दार पूर्ण उघडे ठेवायचे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. आग संपल्यावर धुराड्याची झडप लावतात, म्हणजे साठलेली ऊब उडून जात नाही. पण ती घाईने लावली आणि आत निखारे उरले असले, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. माणूस झोपेतच जातो. निखाऱ्यांवर निळी ज्योत दिसते तोवर झडपेला हात लावायचा नाही. झडपेला मुद्दाम एक लहान भोकही ठेवतात, आणि हा वायू आला की वाजणारी घंटा खोलीत बसवतात. आपल्याकडेही हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती आजपासून सोडा, एवढी या भाषणातली एक गोष्ट जरी घरोघर पोचली तरी पुष्कळ झाले.

सुताराच्या खोलीत आणखी दोन पथ्ये आहेत. लोखंडी शेगडीचा पत्रा शेकडो अंश तापतो आणि त्यावर पडलेला भुसा करपतो. बांधीव शेगडीचे बाहेरचे अंग साठ-सत्तर अंशांच्या आसपास राहते, हा तिचा मोठा फायदा. पण आत जाळ असतोच. तेव्हा आग चालू असताना रोगण किंवा स्पिरिट उघडायचे नाही. दुसरे असे, की भुसा ओढून बाहेर फेकणारे पंखे खोलीतली हवा खेचतात. हवा कमी पडली की ती धुराड्यातून उलटी येते आणि धूर घेऊन येते. म्हणून शेगडीला बाहेरून स्वतंत्र हवेची नळी द्यावी आणि आग चालू असताना तो पंखा बंद ठेवावा. या सगळ्याची तपासणी जाणत्याकडून करून घ्यावी. जर्मनीत धुराडे तपासणारा अधिकृत माणूस पाहून गेल्याखेरीज नवी शेगडी वापरता येत नाही.

आणि एवढे करूनही ही शेगडी प्रत्येकाला योग्य असे नाही. जो माणूस रोज काम करतो, त्याला ती सोन्यासारखी. पण जो फक्त रविवारी दोन तास खोलीत जातो, त्याने ती बांधू नये. गारठलेल्या दोन टन विटा आधी आपलेच पोट भरतात. खोली तापेपर्यंत त्याची घरी परतायची वेळ होते. त्याला लहान लोखंडी शेगडीच बरी. फक्त आग कोंडायची नाही.

आता आपल्या घरी येऊ. ही शेगडी ऐकून कुणी आपली चूल आणखी जाड मातीची करू लागेल, तर ते उलटे होईल. शेगडीला उष्णता विटांत हवी असते. चुलीला ती भांड्यात हवी असते. जाड गार माती भांड्याआधी आपणच उष्णता पिऊन घेते. म्हणून आगीभोवतीच्या मातीत भाताचा तूस मिसळून ती हलकी करावी आणि भांडे ज्योतीच्या जवळ यावे. पण बाकीचे नियम दोन्हीकडे एकच आहेत : सरपण वाळलेले, फोडी बारीक, हवा मोकळी, आणि धुराला बाहेरची वाट. धुराड्याची चूल हा विषय आपल्याकडे नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाने १९४७ साली मगन चूल पुढे आणली, आणि हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. आता पुष्कळ घरांत गॅस आला आहे; तरीही भाकरीची चूल आणि पाण्याचा बंब अनेक घरांत रोज पेटतो, आणि त्यांच्यापुढे बसणारी बहुतेक आपली आई, बायको किंवा सून असते. तिच्या डोळ्यांत जाणारा धूर म्हणजे वाया गेलेले सरपण आणि तिचे वाया गेलेले आरोग्य. दोन्ही तिनेच डोक्यावरून वाहून आणलेले असते.

शेवटी शिक्षकांसाठी दोन प्रयोग. एक : दुपारच्या उन्हात एक वीट आणि एक पत्र्याचा तुकडा दोन तास ठेवा. मग दोन्ही सावलीत आणा आणि दर पाच मिनिटांनी मुलांना हात लावून पाहायला सांगा. पत्रा केव्हा गार होतो आणि वीट केव्हा, ते वहीत लिहू द्या. दुसरा : घरच्या सरपणातली शंभर ग्रॅमची ढलपी तोलून घ्या. ती कोमट चुलवणाजवळ, करपू न देता, वजन कमी व्हायचे थांबेपर्यंत रोज वाळवा. ऐंशी ग्रॅम भरली तर वीस टक्के ओल. साठ भरली तर चाळीस. कुणाच्या घरचे सरपण किती ओले, हा तक्ता वर्गात लावा. तो तक्ता मुले घरी जाऊन सांगतील, आणि पावसाळ्यापूर्वी सरपण कुठे रचायचे याचा विचार एखाद्या घरात तरी सुरू होईल.